उपसर्ग-प्रत्यय पाठ आहेत, तरी नवा शब्द उलगडत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

“ताई, बेदाणा म्हणजे दोन दाणे ना?”

पाचवीतल्या मुलाने हे विचारलं तेव्हा त्याच्या वहीत बावीसच्या बावीस उपसर्ग, म्हणजे शब्दाच्या आधी जोडले जाणारे तुकडे, ओळीने लिहिलेले होते. झोपेतून उठवलं असतं तरी त्याने ते म्हणून दाखवले असते. त्याच्या घरी पिंपळगावकडे द्राक्षाची बाग आहे, बेदाणा कसा तयार होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण कागदावर शब्द आला तेव्हा त्याला आठवला तो ‘बे एके बे’चा पाढा. मला त्याचं कौतुकच वाटलं. त्याने शब्द फोडला होता आणि तुकड्याला अर्थ लावला होता. राहिलं होतं एवढंच की जोडलेला अर्थ त्याने खऱ्या बेदाण्याशी ताडून पाहिला नव्हता.

नाशिकच्या सिडकोत मी चौथी ते सातवीच्या मुलांना मराठी शिकवते, त्याला बारा वर्षं झाली. दरवर्षी दिवाळीनंतर कुणीतरी आई किंवा बाबा येऊन हेच सांगतात: “ह्याला सगळं पाठ आहे हो, पण पेपरात शब्द बदलून आला की अडतो.” बिघाड बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो, पण तो वेगवेगळ्या ठिकाणी बसलेला असतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रमच इथे देते. आधी फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या तपासण्या, मग वेळखाऊ.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी दिसली तरी पुढे वाचा.

मूल उपसर्गांची यादी धडाधड म्हणतं, पण ‘अवकाळी’ म्हणजे काय विचारलं की गप्प बसतं. गेल्याच वर्षी अवकाळी पावसाने मामाचा कांदा भिजलेला असूनही. ‘वि’, ‘अ’, ‘बे’, ‘सु’ दिसला की पेन्सिल तिथेच रेघ मारते: वि + हीर, बे + डूक, सु + तार. ‘अनुपस्थित’ची फोड अनु + पस्थित अशी होते. ‘उप’ म्हणजे लहान, म्हणून उपवास म्हणजे छोटा वास. ‘घरात’ आणि ‘घरपण’ एकाच रकान्यात लिहिले जातात. ‘उज्ज्वल’ दर वेळी एका ‘ज’ने ‘उज्वल’ होतो. आणि माझ्या वर्गात जवळजवळ दरवर्षी कुणीतरी एक जण मोठ्या आत्मविश्वासाने लिहितोच: नाश + इक = नाशिक, नाश करणारे.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच सवय असते. मूल शब्द आवाजावरून तोडतं, अर्थावरून नाही. पाठांतर वाढवून ती सवय जात नाही, उलट घट्ट होते, कारण जितके जास्त उपसर्ग पाठ तितक्या जास्त ठिकाणी रेघ मारायला जागा.

पहिली तपासणी: मधला शब्द मुलाला माहीत आहे का?

ही सगळ्यात सोपी, आणि बरेच जण हीच विसरतात. ‘निकोप’ अडला तर आधी ‘कोप’ विचारा. ‘अवर्षण’ अडला तर ‘वर्षण’, ‘वर्षाव’ विचारा. ‘निःस्वार्थी’ अडला तर ‘स्वार्थ’. मधला शब्दच ठाऊक नसेल तर उपसर्ग कितीही पक्का असला तरी उपयोग नाही, कारण उपसर्ग ज्याचा अर्थ बदलतो ती वस्तूच मुलाच्या हातात नाही. असं असेल तर उपसर्गांची वही मिटा आणि महिनाभर फक्त वाचन आणि गप्पा वाढवा.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. बागलाण, कळवण, मालेगावकडची अनेक मुलं घरी अहिराणी बोलतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतली कित्येक घरी हिंदी बोलतात. या मुलांना मराठी पुस्तकातला मूळ शब्द नवा असतो, पण शब्द घडवण्याची जाण त्यांच्या स्वतःच्या बोलीत शाबूत असते. त्यांना त्यांच्या बोलीतला शब्द विचारा. “तुमच्याकडे भांडणाऱ्या माणसाला काय म्हणतात?” असं विचारून सुरुवात केली की मूल खुलतं, आणि बिघाड शब्दसंग्रहात आहे की फोड करण्यात, हे पाच मिनिटांत कळतं.

दुसरी तपासणी: अंगठा ठेवा

शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. ज्या भागाला मूल उपसर्ग म्हणतं त्यावर त्याचाच अंगठा ठेवायला सांगा. मग दोन प्रश्न विचारा.

उरलेला तुकडा जगतो का? आणि दोन्ही तुकड्यांचा अर्थ जोडला तर मूळ शब्दाचा अर्थ परत येतो का?

बेडूक: ‘बे’वर अंगठा ठेवला तर ‘डूक’ उरतो. डूक काही नाही. तुकडा मेला, म्हणजे फोड चुकली.

सुतार: ‘सु’ झाकला तर ‘तार’ उरते. ती जगते, घराघरात आहे. पण सु + तार म्हणजे चांगली तार, आणि सुतार तर माणूस आहे, लाकूडकाम करणारा. अर्थ परतला नाही, म्हणजे ही फोडही चुकली. (सुतार हा संस्कृतातल्या सूत्रधारावरून झिजत आलेला शब्द आहे, सूत्र म्हणजे मापाची दोरी. मुलांना हे फार आवडतं.) ‘काळजी’चंही तसंच. ‘काळ’ जगतो, पण काळ + जी यातून काळजीचा अर्थ निघत नाही.

आता बेदाणा. मी त्या दिवशी समोरच्या किराणा दुकानातून थोडे बेदाणे आणि थोड्या बियांच्या काळ्या मनुका आणल्या. प्रत्येकाला दोन्ही चावायला लावले. मनुकेत दाताखाली बी आली, बेदाण्यात आली नाही. “दाणा कुठे आहे?” “नाहीये.” “मग बे म्हणजे?” तो मुलगा क्षणभर थांबला आणि ओरडला, “बेइमानवाला बे!” बेदाणा हा फारसीतून आलेला शब्द, बे म्हणजे ‘शिवाय’, दाणा म्हणजे बी. बी नसलेला. तुकडा जगला आणि अर्थही परत आला. बेइमान, बेघर, बेफिकीर, बेदाणा, सगळे एका ओळीत बसले. तेव्हापासून माझा पहिला धडा ठरलेला आहे आणि त्याचा खर्च वीस-तीस रुपयांच्या वर जात नाही.

या कसोटीला एक अपवाद मुलांना लवकर सांगावा लागतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, फोडले की उरलेला तुकडा रोजच्या मराठीत एकटा भेटत नाही. ‘प्रकाश’मधला ‘काश’ कुणी बोलत नाही. तिथे अंगठा उचलून शेजारी शोधायचा: हाच तुकडा दुसरा उपसर्ग लावून कुठे दिसतो का? अवकाश, आकाश. दिसतो. म्हणजे तुकडा जिवंत आहे, फक्त एकटा फिरत नाही. ‘डूक’ला असा एकही शेजारी सापडत नाही.

आणि नाशिकचं? नाश + इक मध्ये दोन्ही तुकडे जगतात, म्हणून मुलं तिथे ठाम असतात. मी त्यांना म्हणते, अर्थ परतला का ते सांगा. आपलं गाव नाश करतं का? मग त्यांना गावाच्या नावाच्या दोन्ही कथा सांगते. एक, पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, नाक म्हणजे नासिका, त्यावरून नाव पडलं. दुसरी, नऊ टेकड्यांवर वसलेलं गाव म्हणून. मुघलांच्या काळात तर गावाचं नाव गुलशनाबाद होतं: गुलशन म्हणजे बाग आणि पुढे आबाद. तिथून मुलं स्वतःच अहमदाबाद, हैदराबाद अशी ‘आबाद’वाली गावं मोजायला लागतात. एका चुकीतून अर्धा तास चांगला जातो.

तिसरी तपासणी: सारखे दिसणारे दोन

अंगठ्याची सवय लागली की पुढचा अडथळा म्हणजे जुळे दिसणारे तुकडे. सगळ्यात जास्त गुण जातात ते अन् आणि अनु यांच्या गोंधळात.

‘अ’ नकार दाखवतो: अशक्य, अपूर्ण. पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर संस्कृत शब्दांत ‘अ’चा ‘अन्’ होतो. अन् + आदर = अनादर. अन् + उपस्थित = अनुपस्थित. अन् + उचित = अनुचित, अन् + उत्तीर्ण = अनुत्तीर्ण, अन् + उपयोगी = अनुपयोगी. शेवटच्या चारांत ‘उ’ हा पुढच्या शब्दाचा आहे. उलट अनुभव, अनुकरण, अनुक्रम, अनुवाद यांत ‘अनु’ अख्खा आहे आणि त्याचा अर्थ मागोमाग, पाठोपाठ असा. मुलाला नियम सांगण्याआधी दोन्हीकडे अंगठा ठेवून बघायला लावा. ‘अनु’ झाकलं तर ‘पस्थित’ उरतो, मेला. फक्त ‘अन्’ झाकलं तर ‘उपस्थित’ उरतो, हजेरीच्या वेळी रोज ऐकलेला. एकदा हे हाताने केलं की फोड सहसा चुकत नाही.

दुसरं जुळं ‘दु’चं. दुर्गुण, दुर्दैव, दुष्काळ यांत वाईट किंवा कठीण असा अर्थ आहे. पण गोदाघाटावर जो दुतोंड्या मारुती उभा आहे, ज्याच्या कुठवर पाणी आलं यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं, त्याचं तोंड काही वाईट नाही. त्याला दोन तोंडं आहेत. दुमजली, दुपदरी, दुहेरी यांतला हा ‘दु’ म्हणजे दोन. पावसाळ्यात मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आल्याचे फोटो घरोघरी फिरत असतात, तेव्हाच हा धडा घ्यावा.

पंचवटीतल्या ‘पंच’लाही मुलं उपसर्ग म्हणतात. पंच म्हणजे पाच, तो स्वतः अर्थाचा शब्द आहे. दोन शब्द एकत्र आले की तो समास. एवढं सांगून पुढे जा, इथे फार रेंगाळू नका.

चौथी तपासणी: एका उपसर्गाला एकच अर्थ चिकटवला आहे का?

इथे माझा सर्वात जास्त वेळ जातो, आणि इथेच मी स्वतः पहिली दोन-तीन वर्षं चुकीचं शिकवलं. मी रकाने पाडून द्यायचे: उप म्हणजे लहान, वि म्हणजे विशेष, नि म्हणजे नसलेला. मुलं ते पाठ करायची आणि प्रामाणिकपणे वापरायची. ‘उपवास’चा छोटा वास तिथूनच आला. चूक मुलांची नव्हती, माझ्या रकान्यांची होती.

आता मी अर्थ देत नाही, जागा दाखवते. ‘उप’ म्हणजे जवळ. नाशिकरोडच्या वाटेवर ‘उपनगर’ नावाचा भाग आहे, तो मुलांना बसच्या पाटीवरून माहीत असतो. नगराच्या जवळचं ते उपनगर. अध्यक्षाच्या जवळ, त्याच्या हाताखाली बसणारा उपाध्यक्ष. उपवास म्हणजे जवळ राहणं, देवाच्या जवळ. लहान हा अर्थ ‘जवळ’मधूनच कधीकधी निघतो, पण तो मुळातला नाही.

मग एक धातू, म्हणजे क्रिया सांगणारा मूळ शब्द, घ्यायचा आणि त्याचं अख्खं घर दाखवायचं. संस्कृत व्याकरणात या कामासाठी ‘हृ’ धातू प्रसिद्ध आहे. उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, असं सांगणाऱ्या जुन्या श्लोकात प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार अशी रांगच दिली आहे. ती चांगली आहे. पण नाशिकच्या मुलांसाठी मला ‘सृज्’ जास्त उपयोगी पडतो. सृज् म्हणजे सोडणं, निर्माण करणं.

जुलै-ऑगस्टमध्ये मोबाइलवर बातमी येते: गंगापूर धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग. वि + सर्ग, म्हणजे दूर सोडणं. मुलांना विचारते, हाच शब्द व्याकरणाच्या वहीत कुठे पाहिलाय? ‘दुःख’मधले दोन ठिपके. तोही विसर्गच, तिथे श्वास सोडला जातो. मग गणपती: विसर्जन. कारखान्याचा धूर: उत्सर्जन, ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. सर्दी झालेल्या मित्राशेजारी बसलं की संसर्ग, ‘सम्’ म्हणजे एकत्र. नवं काही निर्माण करणं म्हणजे सर्जन. निसर्ग म्हणजे जे मुळातच, आतूनच निर्माण झालेलं आहे ते. या ‘नि’चा अर्थ ‘नसलेला’ असा नाही, तो ‘निनावी’मधला ‘नि’ वेगळा. आणि शेवटी फळ्यावर लिहिते: उप + सर्ग. धातूच्या जवळ आणून सोडलेला तो उपसर्ग. ज्या नावाची इतके दिवस भीती होती ते नावच मुलांनी स्वतः फोडलेलं असतं. वर्ग त्या दिवशी लवकर सोडावासा वाटत नाही.

घरी करायचं असेल तर एका आठवड्याला एकच धातू घ्या. कृ (आकार, प्रकार, विकार, अधिकार, उपकार, संस्कार), गम् (आगमन, निर्गमन, संगम, दुर्गम, प्रगती), ज्ञा (विज्ञान, अज्ञान, आज्ञा, प्रतिज्ञा, संज्ञा). प्रत्येक शब्दाचं वाक्य मुलाने आपल्या घरातल्या गोष्टीवरून करायचं. द्राक्षवाल्या घरातल्या मुलांना ‘या’ म्हणजे जाणं हा धातू सोपा पडतो, कारण आयात आणि निर्यात हे शब्द त्यांच्या ओट्यावर रोज पडतात: आ + यात म्हणजे आत आलेलं, निर् + यात म्हणजे बाहेर गेलेलं.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. कोणत्या शब्दाला कोणता नकार लागतो, याचा पक्का नियम नाही. गैरहजर म्हणतात, बेहजर म्हणत नाहीत. नापसंत म्हणतात, अपसंत म्हणत नाहीत. फारसी-अरबी शब्दांना बहुधा बे, गैर, ना लागतात आणि संस्कृत शब्दांना अ, निर्, पण ‘गैरसमज’ आणि ‘बेभान’ यांत दोन घरची सोयरीक आहेच. इथे कानच शिकवतो. मूल चुकीचा शब्द बनवून आलं तर त्याला रागावू नका. त्याला रीत कळली आहे, फक्त तो शब्द लोकांनी वापरलेला नाही एवढंच सांगा.

पाचवी तपासणी: जोडताना शब्दाने रूप बदललं आहे का?

इथून पुढे मेहनत जास्त आहे. उपसर्ग आणि धातू जोडले जातात तेव्हा सांध्यावर अक्षरं बदलतात, आणि मुलाला ओळखीचा तुकडा ओळखू येत नाही.

‘उत्’ सगळ्यात लबाड. उत् + ज्वल = उज्ज्वल, उत् + लेख = उल्लेख, उत् + चार = उच्चार, उत् + नती = उन्नती. ‘उत्’मधला ‘त्’ पुढच्या अक्षरासारखा होऊन बसतो, म्हणून अक्षर दोनदा येतं. हे कळलं की ‘उज्वल’ची चूक कायमची जाते, कारण मुलाला कळतं की पहिला ‘ज्’ हा खरं तर ‘उत्’चा ‘त्’ आहे आणि त्याला गाळलं तर उपसर्गच अर्धा होतो. शुद्धलेखनाच्या पन्नास वेळा लिहून काढण्याने जे होत नाही ते या एका ओळीने होतं. अति + अंत = अत्यंत, प्रति + एक = प्रत्येक, सु + आगत = स्वागत हेही याच बैठकीत उरकतात.

धातूही रूप बदलतो. सिंहस्थ घ्या. गुरू सिंह राशीत असतो म्हणून सिंहस्थ. २०१५ साली झाला, आता २०२७ चा येतो आहे, गावभर त्याचीच कामं चालू आहेत. ‘स्थ’ म्हणजे असणारा, राहणारा, हा ‘स्था’ धातूतून आला. ग्रामस्थ, गृहस्थ, तटस्थ, मध्यस्थ, सिंहस्थ. तोच स्था ‘संस्था’त दिसतो, ‘अवस्थे’त दिसतो आणि ‘निष्ठा’, ‘प्रतिष्ठा’, ‘अनुष्ठान’ यांत ‘ष्ठा’ होऊन बसतो, कारण ‘इ’ किंवा ‘उ’च्या मागोमाग ‘स’ आला की त्याचा अनेकदा ‘ष’ होतो.

लांब शब्दासाठी मी खरा कांदा आणते. बाहेरचा पापुद्रा आधी निघतो. ‘अव्यवस्थित’ हातात द्या. बाहेरचं साल ‘अ’, आत व्यवस्थित. मागचं साल ‘इत’, आत व्यवस्था. मग वि + अव + स्था. प्रत्येक साल काढल्यावर आतला शब्द पूर्ण असला पाहिजे. मुलं घाईत ‘अव्य’ काढतात, मग आत ‘वस्थित’ उरतो आणि त्यांना स्वतःलाच कळतं की सुरी चुकीच्या जागी लागली.

सहावी तपासणी: मागचा भाग नवा शब्द घडवतो की फक्त नातं दाखवतो?

‘प्रत्यय’, म्हणजे शब्दाच्या मागे जोडला जाणारा तुकडा, या एका नावाखाली शाळेत दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि गोंधळ बव्हंशी त्यामुळेच होतो. घरात, घराला, घराने यांत घर तेच आहे. त्याचं वाक्यातल्या दुसऱ्या शब्दांशी नातं बदललं. हे विभक्तीचे प्रत्यय. घरपण, घरगुती यांत नवा शब्द जन्मला. शब्दकोश उघडा: ‘घरपण’ सापडेल, ‘घराने’ हा वेगळा शब्द म्हणून सापडणार नाही. शब्दकोश नसेल तर आधी ही फोड शिकवायला बसू नका, एक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा.

मग विचारायचं की नवा शब्द काय झाला: वस्तू, काम, गुण की माणूस? गोड हे विशेषण, गोडवा हे नाम. ओला-ओलावा, दूर-दुरावा. माणूस-माणुसकी (इथे ‘णू’ ऱ्हस्व होतो, लक्ष असू द्या). बागायत-बागायतदार, भांडण-भांडखोर, लाज-लाजाळू.

एकाच प्रत्ययाची दोन कामं असतात, हे ‘णी’वरून उत्तम कळतं. स्वयंपाकघरात गाळणी, चाळणी, किसणी: तिन्ही अवजारं. शेतात पेरणी, काढणी, छाटणी: तिन्ही कामं. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी असते, त्या छाटणीसाठी हातात कात्री असते, ‘छाटणी’ नावाचं अवजार नसतं. ‘पाणी’, ‘राणी’ यांवर मात्र अंगठा ठेवून बघायला विसरू नका.

सातवी तपासणी: शिकवण्याची गती

वरचं सगळं करूनही अडत असेल तर आपण एका वेळी किती देतो ते पाहा. मी बैठकीत एक धातू किंवा एक प्रत्यय यापुढे जात नाही, आणि नवं सुरू करण्याआधी मुलाने जुन्याचा एखादा शब्द आपणहून शोधून आणलेला असला पाहिजे: दुकानाच्या पाटीवरून, एसटीच्या तिकिटावरून, आजीच्या बोलण्यातून. तो आणला नाही तर मी थांबते. या दुरुस्तीला दोन ते तीन महिने लागतात. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात ती होत नाही. तेव्हा मुलाला त्रास देण्यापेक्षा यादी वाचून जाऊ द्या आणि सुट्टीत नीट बसा.

थांबा आणि जाणकाराला विचारा

शब्दाची फोड तुम्हालाच खात्रीने येत नसेल तर अंदाजाने सांगू नका. मुलं असे अंदाज वर्षानुवर्षं धरून ठेवतात. व्युत्पत्तिकोश पाहा, नाहीतर शाळेतल्या मराठी किंवा संस्कृतच्या शिक्षकांना विचारा. “उद्या सांगते” म्हणायला काहीच हरकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एक साधी चाचणी करा: तेच शब्द आधी तोंडी विचारा, मग लिहून वाचायला द्या. तोंडी ‘गैरहजर’, ‘बेघर’, ‘दुमजली’ यांचे अर्थ पटापट सांगणारं मूल कागदावर तेच शब्द वाचताना अडखळत असेल, चौथी-पाचवीत असूनही जोडाक्षरं गाळत असेल, अक्षरांची उलटापालट करत असेल, वाचन टाळण्यासाठी पोट दुखतं म्हणत असेल, तर बिघाड उपसर्गात नाही. वरच्या सातही तपासण्या तिथे बंद करा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारी मुलं माझ्याकडे ‘मराठी कच्चं’ म्हणून आली आहेत. दोन्ही ठीक असतील तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि त्यांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञाकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तोंडी सुद्धा वाक्य समजायला, शब्द आठवायला जड जात असेल तर वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि योग्य प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पालकांना हे ऐकायला जड जातं, मी ते अनेकदा समोर पाहिलं आहे. पण दोन वर्षं शिकवण्या बदलत राहण्यात मुलाची जी उमेद जाते ती परत आणायला फार कष्ट पडतात.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत शब्दांची वही बाजूला ठेवा. रोज रात्री मुलाला गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणं मात्र चालू राहू द्या, त्याच्याकडून वाचून घेऊ नका.